क्लच प्लेटचं आयुष्य आणि चरकाचा आस

पिकअपचा क्लच किती चालतो, असं गॅरेजात विचारलं की मिस्त्री बहुधा उलट विचारतो, ‘चालवतं कोण?’ मालकाला आकडा हवा असतो. तोही मिळतो, साधारण ८० हजार ते १ लाख किलोमीटर. पण त्याच मॉडेलची एक गाडी ३० हजारांतच प्लेट जाळून गॅरेजच्या दारात उभी असते आणि दुसरी दीड लाख उलटले तरी पहिल्याच प्लेटवर माल ओढत असते. मग आयुष्य ठरलेलं असतं की नसतं?

चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, अग्निवेश आपल्या गुरूंना, पुनर्वसु आत्रेयांना, माणसाबद्दल हेच विचारतो. आत्रेय म्हणतात, सगळंच नेमलेलं असतं तर औषधं, मंत्र, उपास कशाला? पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून तरी कुणी बाजूला का व्हावं? आयुष्य दैव आणि पुरुषकार (म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न) या दोहोंच्या जोडीवर ठरतं, असं त्यांचं उत्तर आहे आणि दाखला दिला आहे गाडीच्या आसाचा. चांगला घडलेला आस नीट वापरला तर झिजत झिजत आपल्या वेळेला संपतो. तोच आस जादा भार, खडबडीत रस्ता, आडवाट, मोडकं चाक, हाकणाऱ्याची किंवा जनावराची खोड, निखळलेली खीळ, वंगणाचा अभाव, गाडी उलटणं यांपैकी कशानेही मध्येच मोडतो. यादी वाचून वाटतं, हे सांगणारा वैद्य सुताराच्या दारातही बराच वेळ बसला असावा.

क्लच या यादीत आसापेक्षाही चपखल बसतो. गाडी चालली की आस झिजतो. क्लचचं तसं नाही. तो पुरता जोडलेला असताना फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट एकत्रच फिरतात, एकमेकांवर घासत नाहीत, त्यामुळे झीज जवळजवळ नसते. प्लेट खाल्ली जाते ती पेडल सोडतानाच्या घसरणीत. नाशिकहून धुळ्यापर्यंत टॉप गिअरमध्ये सलग दीडशे किलोमीटर गेलेल्या पिकअपच्या क्लचला फारसं काही झालेलं नसतं. पण भरला माल घेऊन कसारा घाटाच्या कोंडीत तासभर हाफ क्लचवर सरकलेली गाडी मीटरवर जेमतेम दोन-चार किलोमीटर दाखवते आणि प्लेटचा मोठा घास घेऊन जाते. चढावर हँडब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरणं, पेडलवर पाय टेकवून ठेवणं, भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलणं, यातलं काहीच मीटरवर उमटत नाही. वजनाचा हिशेब तर सरळ आहे. उभी गाडी चालती करताना क्लचमध्ये होणारी उष्णता एकूण वजनाच्या प्रमाणात वाढते.

तरी ‘तिचं तेवढंच आयुष्य होतं’ म्हणणारे असतातच. त्यांच्यासाठी जैनांच्या उवासगदसाओ या आगमातला सद्दालपुत्त कुंभार आहे. तो मक्खली गोशालाचा अनुयायी, म्हणजे कट्टर नियतिवादी. महावीरांनी विचारलं, ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नाशिवाय? तो म्हणाला, प्रयत्नाशिवाय, सगळं नियतच आहे. मग कुणी ती फोडली तर? तर मी त्याला बडवीन, कुंभार म्हणाला, आणि तिथेच अडकला. क्लच जळाल्यावर ड्रायव्हरचा पगार कापणारा मालकही नियतिवादी राहत नाही.

पण सगळा दोष चालवणाऱ्याच्या पायावर टाकणं हीसुद्धा पळवाटच. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरायचे, हे बहुतेक वेळा ड्रायव्हर ठरवत नाही. जुनी पिकअप घेणाऱ्याला तर आधीच्या हातांची झीज आयतीच मिळते. चरकाच्या व्याख्येत दैव म्हणजे पूर्वीच्या देहात आपणच केलेलं कर्म. इथे कर्म एकाचं आणि भोग दुसऱ्याचा, त्यामुळे व्यक्तीपुरता कर्मसिद्धांत तोकडा पडतो.

याचं उत्तर त्याच अध्यायाच्या आधीच्या भागात आहे. अध्यायाचा मूळ विषय जनपदोद्ध्वंस, म्हणजे साथीचा संहार. निरनिराळ्या प्रकृतीची, आहाराची, वयाची माणसं एकाच वेळी कशी मरतात? कारण वारा, पाणी, भूमी आणि काळ सगळ्यांना समाईक असतात आणि ते बिघडण्याच्या मुळाशी अधर्म असतो. त्याची सुरुवात देशाच्या, नगराच्या प्रमुखांपासून होते, असं आत्रेय बजावतात. खड्ड्यांचा रस्ता आणि रोजची घाटातली कोंडी हीही तशीच समाईक कारणं आहेत. कितीही जपून चालवणाऱ्याची प्लेट ती खातातच. रस्ता बांधणाऱ्याचं आणि जादा माल भरणाऱ्याचं कर्म या हिशेबात धरलंच पाहिजे.

तेव्हा जुनी पिकअप घेणाऱ्याने मीटर बघण्याआधी ती कोणत्या रस्त्यावर, किती माल घेऊन, किती हातांखाली फिरली ते विचारावं. मग चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून बघावा. इंजिन ओरडलं आणि वेग वाढला नाही तर क्लच घसरतो आहे. गिअरबॉक्स एकदा उतरवलाच की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदलून घ्यावीत, नाहीतर उतरवण्याची मजुरी दोनदा द्यावी लागते.