सोसण्याची सीमा

‘मोडेन पण वाकणार नाहीं’ हें वाक्य आपल्याकडे अभिमानानें उच्चारलें जातें. आणि त्याच तोंडानें, पुरापुढें मान लववून तग धरणाऱ्या लव्हाळ्याचेंहि कौतुक होतें. दोन्ही उपदेश एकाच घरांत नांदतात. मात्र बहुधा त्यांची वांटणी झालेली असते. पहिला उपदेश घरांतील कर्त्या माणसासाठीं, दुसरा त्याच्या आज्ञेंत राहणारांसाठीं. ह्या वांटणीमुळें एक प्रश्न सहसा विचारलाच जात नाहीं. वाकणें हा गुण असेल, तर तो किती भारापर्यंत गुण, आणि त्यापुढें जें घडतें त्याचा दोष कोणाचा? ह्याचें उत्तर नीतिशास्त्राच्या ग्रंथांत शोधण्यापूर्वीं थोडें लोखंडाकडे पाहूं. लोखंडाला मन नाहीं, म्हणूनच त्याच्याविषयीं आपण अधिक निःपक्षपातीपणें विचार करूं शकतों.

इ. स. १६७६ मध्यें रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें आपल्या एका पुस्तकाच्या शेवटीं चौदा अक्षरांचें एक कोडें छापलें, आणि १६७८ मध्यें त्याचा उलगडा स्वतःच केला. त्याचा आशय असा कीं, पदार्थाला ज्या प्रमाणांत ओढावें त्याच प्रमाणांत तो ताणला जातो. बळ दुप्पट, तर ताणहि दुप्पट. धातु, लांकूड, दगड, रेशीम, कांच अशा नाना पदार्थांना त्यानें हा नियम लाविला. बळ काढून घेतलें कीं पदार्थ मूळ स्थितीवर येतो, म्हणून ह्या गुणास आपण स्थितिस्थापकता म्हणतों. पोलादहि स्थितिस्थापकच आहे. मात्र त्याची सीमा फार जवळ असते. साध्या पोलादाची एक मीटर लांबीची तार सुमारें एक मिलिमीटर ताणली, तर सोडतांच ती पूर्ववत् होते; त्याहून बरीच अधिक ताणली, तर सोडल्यावरहि थोडी लांबच राहते. पहिल्या अवस्थेंत अणूंमधील अंतरें किंचित् वाढतात आणि पुन्हां पहिल्यासारखीं होतात. दुसऱ्या अवस्थेंत अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि नव्या जागीं स्थिर होतात. तार तुटलेली नसते. पण ती आतां पूर्वीची तार नव्हे.

येथें एक घाईचा निष्कर्ष टाळला पाहिजे. पूर्वस्थितीवर येणें म्हणजेच श्रेष्ठत्व, असें नाहीं. नळींत घातलेलें कुत्र्याचें शेंपूट बाहेर काढतांच वाकडें होतें. त्याला कोणी धैर्य म्हणत नाहीं. उलट पुण्याच्या तांबट आळींत तांब्याच्या पत्र्याचा हंडा होतो, तो पत्रा हातोडीखालीं आपला मूळ आकार कायमचा सोडतो म्हणूनच. शिक्षण, दुःख, पश्चात्ताप ह्यांनीं ज्याच्यांत कांहींच पालट झाला नाहीं, तो मनुष्य खंबीर नव्हे, नुसता कोडगा होय. मात्र तांबटाला एक गोष्ट ठाऊक असते. ठोकतां ठोकतां तांबें कठीण होत जातें, आणि तसेंच ठोकीत राहिलें तर त्याला चीर जाते. म्हणून तो मधून मधून भांडें भट्टींत लाल करून मऊ करून घेतो, आणि मगच पुढचा घाव घालतो. घडविणें आणि फोडणें ह्यांतील अंतर पुष्कळ वेळां ह्या मधल्या विसाव्यानेंच ठरतें.

ह्याहून विलक्षण गोष्ट पुढची आहे. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आंस मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि पन्नासाहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. असे आंस इतरत्रहि मोडत, आणि मोडतेवेळीं त्यांच्यावर नेहमींहून अधिक भार असेच असें नाहीं. प्रशियांतील रेल्वेचे एंजिनिअर ऑगस्ट व्होलर ह्यांनीं १८५० नंतरच्या दोन दशकांत ह्याचा कसून शोध केला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर आंसाच्या पृष्ठभागाचा प्रत्येक भाग एकदां ताणला जातो व एकदां दाबला जातो. त्यांना आढळलें कीं, एका खेपेला जो भार आंस सहज पेलतो, तोच लक्षावधि वेळां पडला तर तो मोडूं शकतो. आणि हेंहि आढळलें कीं, भार एका मर्यादेच्या खालीं ठेविला, तर लोखंड जणूं अनंत काळ टिकतें. १९०३ मध्यें युइंग व हम्फ्री ह्या दोघांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तेव्हां एरव्हीं शाबूत वाटणाऱ्या लोखंडाच्या कणांत बारीक घसरणीच्या रेषा उमटतांना दिसल्या, आणि त्यांतूनच पुढें भेगा निघाल्या. ह्याला धातूचा थकवा म्हणतात.

हें वाचतांना मला माझ्या काकू आठवतात. चौदा माणसांचा स्वयंपाक, दोन आजारी वडीलधारीं, आणि दिवसभर कोणाचें ना कोणाचें बोलणें; काकूंचा चेहरा कधीं बदलला नाहीं. ‘वहिनी म्हणजे धरित्री आहेत हो!’ असें येणारेजाणारे म्हणत, आणि आम्ही मुलेंहि ‘काकू कधीं रागावतच नाहींत’ असें मोठ्या अभिमानानें सांगत असूं. एके दिवशीं दूध उतूं गेलें. कोणी तरी नेहमींच्याच सुरांत एक शब्द बोललें. काकू चुलीपाशीं खालीं बसल्या, त्या उठल्याच नाहींत. त्यांना हाताला धरून उठवावें लागलें. पुढें कित्येक महिने त्या कोणाशीं बोलल्या नाहींत, आणि बऱ्या झाल्यावरहि पूर्वीच्या काकू परत आल्या नाहींत. घरांतील मोठीं माणसें त्या एका शब्दाचीच चर्चा करीत राहिलीं. एवढ्याशा बोलण्यानें असें व्हावें? त्यांचें म्हणणें खरें होतें. तो शब्द क्षुल्लकच होता. ज्या फेऱ्याला आंस मोडतो, तो फेराहि आधींच्या लक्षावधि फेऱ्यांहून वेगळा नसतो.

पूल पडला, तर लोखंड सोशिक नव्हतें असें कोणी म्हणत नाहीं. भार कोणीं ठरविला होता, हें विचारतात. एंजिनिअर आधीं धातूची सीमा मोजतो, मग अपेक्षित भार त्या सीमेच्या पुष्कळ अलीकडे ठेवितो, आणि ठराविक काळानें भेगा तपासतो. हा त्याच्या कौशल्याचा जितका भाग, तितकाच त्याच्या कर्तव्याचाहि. माणसाच्या बाबतींत आपण उलट वागतों. सोसणाऱ्याच्या गुणाची स्तुति करतों, आणि भार टाकणाऱ्याला सर्व मोजमापांतून मोकळें सोडतों.

कोणी म्हणेल, मनुष्य म्हणजे लोखंड नव्हे. त्याला इच्छाशक्ति आहे, वाचा आहे, तो ‘पुरे’ म्हणूं शकतो. शिवाय प्रत्येक जण आपापला भार तोलीत बसला, तर मुलें वाढवावीं कोणीं आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करावी कोणीं? आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्य आहे. जिच्यावर कसलाच भार नाहीं ती तुळई नव्हे, नुसतें लांकूड होय. माणसाचें मोलहि कांहीं तरी पेलण्यांतच आहे. आणि व्होलर ह्यांचा निष्कर्ष आशा देणाराच आहे. सीमेच्या आंतला भार जन्मभर वाहतां येतो. पहिल्या भागानें मात्र माझें समाधान होत नाहीं. वाचा आहे खरी. पण जिला आम्ही न बोलण्याबद्दलच शाबासकी दिली, तिनें ‘पुरे’ हा शब्द कोणत्या तोंडानें उच्चारावा? उच्चारला असता, तर त्याच क्षणीं ती धरित्री राहिली नसती. आमची स्तुति हाहि एक भारच होता, आणि त्यांतला थोडासा मींहि त्यांच्यावर घातला होता, हें कळावयास मला पन्नाशी गांठावी लागली.

तेव्हां सोशिकपणा हा सद्गुण आहे कीं नाहीं? जो भार सोसणारानें स्वतः जाणून पत्करला, त्याच्या बाबतींत तो निःसंशय सद्गुण आहे. जो दुसऱ्यानें मागून घेतला, त्याचा हिशेब मागणारानेंच दिला पाहिजे. भेग पडल्यावर तांबटाच्या भट्टीचा उपयोग नसतो. ती आधींच पेटवावी लागते. आपल्या घरांत आज कोण दर फेऱ्याला थोडें ताणलें व थोडें दाबलें जात आहे, आणि वरून शाबूत दिसत आहे, हें पाहण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाहीं. जेवण झाल्यावर पानावरून उठण्यापूर्वीं एकदां विचारलें, तरी आरंभापुरतें पुष्कळ झालें. मात्र विचारणारानें उत्तर येईपर्यंत थांबलें पाहिजे. तें लवकर येणार नाहीं.