पैज मधेच मोडताना

सामना किंवा स्पर्धा संपण्याआधीच पैज मोडून बुकी देऊ करील ती रक्कम घेणे, याला सट्ट्याच्या व्यवहारात कॅश आउट म्हणतात. मुदत ठेव मुदतीआधी मोडावी तसाच हा प्रकार. पण ठेव मोडल्यावर किती मिळेल ते आधी कळते; पैजेची रक्कम मात्र प्रत्येक चेंडूला, प्रत्येक गोलसरशी पडद्यावर वरखाली होत राहते. इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंततात. हातातली पैज या घटकेला किती मोलाची, हा एक. निकाल लागल्यावर मनाला जे लागून राहते त्याचे काय करायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गणिताने कधीच दिले आहे. दुसरा नीतीचा प्रश्न आहे, आणि पहिल्याच्या उत्तराने तो सुटत नाही.

2015-16 च्या हंगामाआधी लेस्टर सिटी हा संघ इंग्लिश प्रीमियर लीग जिंकेल, या पैजेचा भाव एकास पाच हजार होता. 50 पौंड लावणाऱ्याला अडीच लाख पौंड मिळायचे होते. अशी पैज लावलेल्या एकाने मार्च 2016 मध्ये सुमारे 72,000 पौंड घेऊन ती मोडली. 2 मे रोजी चेल्सी आणि टॉटनहॅम यांचा सामना 2-2 असा बरोबरीत सुटला आणि लेस्टर मैदानात न उतरताच विजेता ठरला. मग पैज मोडणारा चुकला का?

अर्धवट राहिलेल्या खेळातली रक्कम कशी वाटावी, हा प्रश्न जुना आहे. 1494 मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात लुका पाचोलीने जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटणी केली. ती चुकीची होती, कारण मोल ठरते ते झालेल्या डावांवरून नव्हे, उरलेल्या डावांवरून. 1654 मध्ये ब्लेझ पास्कल आणि पिएर द फर्मा यांच्या पत्रांतून हे उलगडले. पास्कलचे उदाहरण असे: दोघांनी प्रत्येकी 32 नाणी लावली, आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी 64. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबला. पुढचा डाव पहिल्याने जिंकला असता तर 64 त्याची. हरला असता तर दोघे बरोबरीत, म्हणजे निम्मी 32. तेव्हा 32 कशीही त्याचीच. उरलेल्या 32 वर दोघांचा सारखा हक्क, म्हणून त्यातली 16 त्याची. एकूण 48. कॅश आउटचा हिशेब याच जातीचा आहे. अडीच लाखांच्या पैजेला 72,000 हा भाव रास्त ठरतो तो लेस्टर जिंकण्याची शक्यता शंभरात 29 च्या आसपास मानली तरच. त्यातूनही बुकी आपला वाटा कापून घेतो, पैज लावताना एकदा आणि मोडताना पुन्हा.

तरीही रास्त भावापेक्षा कमी घेणे म्हणजे मूर्खपणा नव्हे. डॅनियल बर्नुलीने 1738 च्या निबंधात एक गरीब माणूस कल्पिला. त्याच्या हाती एक लॉटरीचे तिकीट आहे. त्यावर 20,000 डुकाट मिळतील किंवा काहीच नाही, दोन्हींची शक्यता सारखी. ते तिकीट त्याने 9,000 ला विकले तर चुकले का? बर्नुली म्हणतो, नाही. गरिबाला पहिल्या हजारांचे मोल नंतरच्या हजारांपेक्षा फार जास्त असते. लेस्टरवर पैज लावणाऱ्याचेही तेच. 72,000 पौंडांत त्याचे घर उभे राहत असेल तर त्याने घेतलेला निर्णय त्या दिवशी बरोबर होता, आणि मे महिन्यातला निकाल तो निर्णय मागे जाऊन चूक ठरवू शकत नाही.

मग मन का ऐकत नाही? मराठीने या दुखण्यांना वेगवेगळी नावे देऊन ठेवली आहेत, आणि ती उगाच नाहीत. थोडक्यात हुकले की चुटपुट लागते. नुकसान झाले, मग ते शेजाऱ्याचे का असेना, की हळहळ वाटते. पश्चात्ताप मात्र आपल्या हातून वावगे घडले असेल तरच होतो, आणि त्याच्यापाठोपाठ प्रायश्चित्त येते. पैज लवकर मोडल्याचे दुःख ही चुटपुट आहे. तिला पश्चात्ताप समजणाऱ्याला नसलेल्या पापाचे प्रायश्चित्त घ्यावेसे वाटते: ‘पुढच्या वेळी मोडायचीच नाही.’ पुढच्या वेळी संघ हरतो आणि हातचेही जाते. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1982 मध्ये दाखवले की सारखेच नुकसान झाले तरी काही न करता बसलेल्यापेक्षा काही केलेल्याला ते जास्त बोचते, असे बहुतेकांना वाटते. कॅश आउटच्या बटणाने ही बोच वाढवली आहे. पूर्वी पैज हरणाऱ्याला ती लावल्याचेच दुःख असे. आता समोर दिसत असलेली रक्कम न उचलल्याचेही असते.

फळाची आसक्ती सोडा, हा गीतेचा उपदेश अशा वेळी सर्रास पुढे केला जातो. तो इथे लागू पडत नाही. गीता वाट्याला आलेल्या कर्तव्याबद्दल बोलते. पैजेतून फळाची इच्छा काढली तर मागे काहीच उरत नाही.

महाभारताचे सभापर्व या प्रश्नाच्या जास्त जवळ जाते. पहिल्या द्यूतात सर्वस्व गेल्यावर द्रौपदीला मिळालेल्या वरांमुळे पांडव दास्यातून सुटतात आणि धृतराष्ट्र सारे राज्य परत देतो. इंद्रप्रस्थाच्या वाटेवर पुन्हा बोलावणे येते, आणि युधिष्ठिर सगळे हाती आलेले असताना परत फिरून पटावर बसतो. त्याचे दुःख ही चुटपुट नव्हे. ज्यांना पणाला लावायचा हक्क नव्हता त्यांना त्याने पणाला लावले होते, आणि घरखर्चाचे पैसे लावणारा आजचा माणूसही त्याच जागी उभा असतो.

युधिष्ठिर पुन्हा हरतो आणि वनवासाला जातो. तिथे बृहदश्व ऋषी त्याला द्यूतातच राज्य गमावलेल्या नळ राजाची गोष्ट सांगतात. राजा ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याची पाने आणि फळे एका नजरेत मोजून सांगतो; त्याचा सारथी झालेला नळ रथ थांबवून फळे स्वतः मोजतो, आणि आकडा बरोबर निघतो. याच बेहड्याच्या फळांचे फासे वैदिक काळी खेळत. ‘झाले ते विसर’ असे बृहदश्व म्हणत नाहीत. नळाला ऋतुपर्णाकडून मिळालेली फाशांची विद्या, अक्षहृदय, ते युधिष्ठिरालाही देतात. वनवासाच्या बारा वर्षांतले एकही वर्ष त्याने कमी होत नाही.