पंधरा किलो मासळी, पाच किलो बर्फ

सोमवारी सकाळी सहाच्या सुमारास कन्हानच्या घाटावर गेलो, तर कावळ्यांनी आभाळ डोक्यावर घेतलेलं. पायऱ्यांखाली थर्माकोलचा पेटारा पडला होता, एक कोपरा फुटलेला. अर्धी मासळी वाळूत, अर्धी डोहाच्या पाण्यात. दोन कुत्री जवळ गेली, हुंगली आणि आल्या वाटेनं परतली. कुत्र्यानं नाकारलेली मासळी मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. झाकणावर निळ्या मार्करनं लिहिलं होतं, 'खापा बॉईज, रत्नागीरी मोहीम'. 'गि' दीर्घ. अक्षर लगेच ओळखलं. दहावीत त्याच चुकीसाठी मी गुण कापले होते.

पोट्टेहो, तुम्ही पाचही जण आता बाप्ये झालात. एक बँकेत आहे, एकाचं दुकान आहे, दोघं मँगनीजच्या खाणीत पगार घेतात, पाचवा काय करतो ते त्यालाच ठाऊक. वर्गात उभं करून छडी देण्याचे दिवस गेले, म्हणून लिहून कान उपटतो आहे. नावं घेत नाही. गावाला माहीत आहेत.

तुमच्या तयारीच्या गोष्टी मी महिनाभर ऐकत होतो. काठी आणली, रील आणली, तंगूस तीन जाडीचा आणला, टोप्या आणल्या, काळे चष्मे आणले. समुद्रात उभं राहून काढायच्या फोटोंची जागासुद्धा ठरली होती म्हणे. मासा सापडल्यावर तो हजार किलोमीटरवरच्या खाप्यापर्यंत कसा आणायचा, याचा विचार किती जणांनी केला? एकानंही नाही. पाच शहाणी डोस्की एका गाडीत बसली आणि परतीचा हिशोब घरी विसरली.

आधी जाण्याचं बोलू. मेचा शेवटचा आठवडा निवडलात. कोकणात त्या दिवसांत समुद्र फुगायला लागलेला असतो आणि होड्या वर ओढायची घाई चाललेली असते, कारण 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. मासळीच्या विणीचा तो काळ आणि पावसाळी समुद्राचाही. पुढे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून माणसं पुन्हा हंगामाला लागतात. हे सगळं शेवटच्या आठवड्यात जाऊन तुम्हाला समजलं. दिवाळीनंतर गेला असता तर समुद्र शांत, हवा थंड, मासळीही चांगली. पण लग्नसराईतून सुटी मिळाली ती तेव्हाच, नाही का?

बरं, गेलात. पंचमीला सकाळी साडेनऊला भाट्ये खाडीवर पोचलात आणि तिथं काय पाहिलं? होडी चिखलात बसलेली. त्या खाडीचं मुख गाळानं भरलं आहे, भरती असल्याशिवाय होडी बाहेर निघत नाही. चार तास तुम्ही टपरीवर बसून समुद्राला शिव्या दिल्या. लेकहो, सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा पूर्ण धडा आहे आणि तो मी तुम्हाला फळ्यावर चंद्र काढून शिकवला होता. किनाऱ्यावरची जुनी माणसं घड्याळ बघत नाहीत, तिथी बघतात. तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ ढोबळमानानं हाती येते. पंचमी, म्हणजे पाच गुणिले पाऊण, पावणेचार. त्याच्या सहा तास आधी ओहोटी, म्हणजे पावणेदहा. तुम्ही नेमके ओहोटीच्या तळाला पोचलात. कालनिर्णय तुमच्या प्रत्येकाच्या घरी भिंतीवर आहे. त्यावर दुधाचा हिशोब लिहिता, एकदा तिथी वाचायला काय झालं होतं?

होडीत पाच जण आणि जीवरक्षक जाकीट एक. तेही फोटो काढण्यापुरतं आळीपाळीनं घातलं. यावर मी जास्त लिहीत नाही, कारण लिहायला बसलो तर हात थरथरतो. तुमच्यातल्या तिघांना कन्हानच्या डोहातही धड पोहता येत नाही. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक 1554 आहे, सागरी पोलिसांचा 1093. दोन्ही पाठ करा. नुसते पाठ करून जीव वाचत नाही, हेही पाठ करा.

आता मासळी. पंधरा किलो आणली असं तुम्ही गावभर सांगितलं. गळाला लागलेली तीन किलो होती, चार-पाच बांगडे आणि एक तांबोशी. उरलेली बारा किलो तुम्ही मिरकरवाड्याच्या जेटीवरून विकत घेतली. मला कसं कळलं ते विचारू नका, पाचव्याला गुपित पचत नाही. विकत घेतली यात लाज नाही. लाज वाटायची तर त्या पापलेटांची वाटू द्या. मी त्यातली दोन घाटावर मोजली, वीतभरही नव्हती. पापलेट हा 2023 पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे. त्याच वर्षी सरकारनं 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली, पापलेटची 135 मिलिमीटर. तेव्हाचे मत्स्यव्यवसाय मंत्री सुधीर मुनगंटीवार आपल्याच चंद्रपूरचे. म्हणजे नियम समुद्रापासून लांबच्या माणसाला कळतो, तुम्हाला कळत नाही. पिल्लं विकणारा दोषी आहेच. 'स्वस्तात मिळाली' म्हणून ती उचलणारा त्याचा भागीदार.

आणि आता बर्फ. इथं मात्र वही काढा.

पंधरा किलो मासळी आणि पाच किलो बर्फ. जेटीवरच्या माणसानं तुम्हाला सांगितलं होतं की एवढ्यावर मासळी कोल्हापूरही गाठणार नाही. तुम्ही हसलात. तो अडाणी, तुम्ही पदवीधर. दहावीच्या विज्ञानात अप्रकट उष्मा शिकलात ना? एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. मासळीची विशिष्ट उष्माधारकता पाण्याहून थोडी कमी, 0.85 धरा. होडीत आणि जेटीवर तापून मासळी 30 अंशांवर आलेली. ती शून्यावर आणायची तर 15 गुणिले 0.85 गुणिले 30, म्हणजे सुमारे 382 किलोकॅलरी. भागिले 80. उत्तर आलं पावणेपाच किलोच्या थोडं वर. म्हणजे तुमच्या पाचातला पावणेपाच किलो बर्फ नुसता मासळी थंड करण्यातच खर्ची पडला. उरला पाव किलो. त्या पाव किलोच्या भरवशावर तुम्ही 34 तासांचा प्रवास केलात, तोही मेमध्ये, सोलापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ असा, डिकीत पेटारा ठेवून.

34 तास का लागले तेही मला ठाऊक आहे. रात्री आठला रत्नागिरी सोडली, आंबा घाट चढून कोल्हापूरला मुक्काम केला. सकाळी अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ, मग तांबडा-पांढरा, मग चपलांची खरेदी. देवदर्शनाला माझी ना नाही. पण डिकीत मासळी असताना चपला निवडायला तास लावणाऱ्या माणसाला मी काय म्हणू? दुपारी बाराला तिथून निघालात आणि पहाटे सहाला खाप्यात. पेटारा उघडला तेव्हा आत कोमट पाणी होतं आणि त्यात मासळी तरंगत होती.

मासा पाण्याबाहेर आला की तो नासायला लागतो. कल्ले आणि आतडी सगळ्यांत आधी. म्हणून होडीतच कल्ल्याजवळ चीर देऊन रक्त जाऊ द्यायचं, आतडी काढायची, पोटात बर्फाचा चुरा भरायचा. पेटाऱ्यात खाली बर्फ, वर मासळी, पुन्हा बर्फ असे थर लावायचे आणि वितळलेलं पाणी निघायला तळाला भोक ठेवायचं. किलोला किलो बर्फ हा कोकणातल्या कोकणातला हिशोब. विदर्भाच्या उन्हात दुप्पट धरा, आणि वाटेत सोलापूरला पुन्हा भरा. पेटारा जाड भिंतीचा हवा, लग्नातल्या आइस्क्रीमचा उरलेला थर्माकोल चालत नाही. सगळ्यांत सोपं म्हणजे तिथल्या शीतगृहात रात्रभर मासळी कडक गोठवून घ्यायची आणि मगच निघायचं. चार पैसे जास्त जातील. तुमच्या काळ्या चष्म्यांपेक्षा कमीच.

मधला म्हणतो, पुढच्या वेळी सुका बर्फ नेऊ. बाबू, सुका बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78 अंशांचा. काचा बंद करून एसी लावलेल्या गाडीत तो वायू होत राहिला, तर मासळी ताजी राहील आणि तुम्ही गुंगीत जाल. रेल्वेनं न्यायचा विचार असेल तर गळका, वास मारणारा पेटारा डब्यात घेऊन बसू नका. 1989 च्या रेल्वे अधिनियमात त्यासाठी 165 वं कलम आहे.

आता ज्या गोष्टीनं मला हे लिहायला बसवलं ती. तुमच्यातल्या एकाची आई शनिवारी रात्री अकरापर्यंत पाट्यावर सावजी मसाला वाटत बसली होती. खसखस, सुकं खोबरं, काळे मिरे, सगळं भाजून. पोरगा समुद्राची मासळी आणतो म्हणून. रविवारी तिनं पेटारा पाहिला आणि नाकाला पदर लावला. तेव्हा तुम्ही काय म्हणालात? 'मसाल्यात वास मरते, काकू.' वास मेला असेल. बांगडा, सुरमई, कुपा या मासळीत हिस्टिडीन भरपूर असतं. ऊब मिळाली की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात, आणि ते तळून जात नाही, शिजवून जात नाही, फ्रिजमध्ये गोठवूनही जात नाही. जेवून अर्ध्या तासात त्या माउलीचं तोंड लालबुंद झालं, अंगाला खाज सुटली, डोकं ठणकायला लागलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत उतरलं. उतरलं म्हणून तुम्ही आज हसून सांगता. मी हसलो नाही.

आपल्याच घाटावरची ढिवर बाई बघा. पहाटे जाळं काढते, टोपलीवर ओलं फडकं टाकते, ऊन चढायच्या आत मरळ विकून घरी जाते. तिला अप्रकट उष्मा शब्द माहीत नाही, तिची मासळी कधी नासत नाही. आणि समुद्राची मासळी खाप्यात काय आज पहिल्यांदा आली? तुमच्या आज्या आठवडी बाजारातून सुके बोंबील आणि सुकट आणतच होत्या. ज्यांना बर्फ मिळत नव्हता त्यांनी मीठ आणि ऊन वापरून समुद्र आपल्या चुलीपर्यंत पोचवला. तुमच्याकडे बर्फाचे कारखाने होते, रुंद महामार्ग होता, गाडी होती.

एवढं करून रविवारी रात्री अंधारात तो पेटारा तुम्ही कुठं टाकलात? कन्हानमध्ये. जिचं पाणी आपण पितो, खाली नागपूर पितं, जी पुढे वैनगंगेला मिळून गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. पश्चिमेच्या समुद्रातून काढलं आणि पूर्वेच्या वाटेला लावलं. भूगोलाची एवढी सेवा माझ्या कुठल्याच विद्यार्थ्यानं केली नव्हती.

पुन्हा जायचं असेल तर खुशाल जा, मी अडवणार नाही. पण निघण्याआधी एक कागद माझ्याकडे आणून दाखवा. त्यावर सगळ्यांत वर खाप्यात पोचण्याची वेळ लिहा आणि तिथून उलटं मोजत या: कुठं बर्फ भरणार, किती किलो, कुठं थांबणार, किती मिनिटं, समुद्रातून किती वाजता परतणार, त्या दिवशी तिथी कोणती. मासे किती मारणार हे शेवटच्या ओळीत. त्या काकूंच्या घरी मात्र कागदाची वाट न पाहता आज संध्याकाळीच जा. पाचही जण. मोबाइल खिशात ठेवून.

घाटावरचं मी अजून तसंच ठेवलं आहे, फक्त वरून चुना टाकला आहे. उद्या सकाळी सहाला या. काठापासून लांब, कमरेइतका खोल खड्डा खणायचा आहे. फावडी माझ्याकडे दोनच आहेत, तीन तुम्ही आणा.