अर्धी विजार आणि पूर्ण माणूस

जून महिना उजाडला म्हणजे सांगलीच्या कापडपेठेंत आईबापांची एकच गर्दी उसळते. शाळा उघडणार, गणवेश घ्यावयाचा, आणि पोर तर वर्षभरांत चार बोटें वाढलेलें! यंदा आम्हीही पुतणीच्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन तेथें गेलों होतों. दुकानदारानें घोट्यापर्यंत पोंचणारी विजार पुढें टाकली, तेव्हां आम्हीं सहज विचारलें, “लहान मुलांच्या अर्ध्या विजारी आतां येत नाहींत काय?” तो हंसून म्हणाला, “ह्या शाळेला पहिलीपासून फुलपँटच, सर.” गोष्ट क्षुल्लक खरी, परंतु घरीं परततांना आमच्या मनाला जी रुखरुख लागली, तिचें मूळ कापडांत नव्हतें.

वस्त्रें हा शिंप्याचा विषय, विचारवंताचा नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु कार्लाइलनें १८३३-३४ सालीं प्रसिद्ध झालेला ‘सार्टर रिसार्टस’ हा सबंध ग्रंथ कपड्यांच्या तत्त्वज्ञानावरच लिहिला. आणि मुलाच्या कमरेखालच्या वस्त्राइतकें बोलकें वस्त्र तर दुसरें क्वचितच सांपडेल. अमेरिकेचें उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकांत तेथील अगदीं लहान मुलगे मुलींप्रमाणेंच झगे घालीत. पुढें आखूड विजार, मग गुडघ्याखालीं आवळलेली फुगीर ‘निकरबॉकर’ विजार, आणि मिसरूड फुटण्याच्या सुमारास लांब विजार, अशा त्या शतकाच्या अखेरीस पायऱ्या पडल्या. वॉशिंग्टन अर्व्हिंगनें १८०९ सालीं न्यूयॉर्कचा विनोदी इतिहास ज्या कल्पित गृहस्थाच्या नांवावर प्रसिद्ध केला, त्या निकरबॉकरचें नांव ह्या विजारीला चिकटलें. आमच्याकडील ‘निकर’ हा शब्द त्याचाच वंशज. १८८६ सालीं ‘लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय’ ही कादंबरी ग्रंथरूपानें निघाली, तेव्हां तिच्या बालनायकाचा मखमली पोशाख आणि लेसची कॉलर आपल्या चिरंजिवांच्या अंगावर चढविण्याची हौस अनेक मातांस आली. चिरंजिवांस ती कितपत रुचली असेल, हें वाचकांनींच ताडावें. पहिल्या लांब विजारीची मात्र मुलें वाट पाहत. ती मिळाली कीं आपण मोठ्यांत जमा झालों, असें त्यांस वाटे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पायऱ्यांची रीत मोडून गेली. जेकब डेव्हिस व लेव्ही स्ट्रॉस ह्यांनीं १८७३ सालीं तांब्याच्या रिव्हेटांनीं बळकट केलेल्या ज्या मजुरांच्या विजारीचें पेटंट घेतलें, तिच्याच कुळांतली जीन पुढें मजूर आणि मालक, बाप आणि बाळ, सर्वांच्याच अंगावर आली.

आमच्याकडील पायऱ्या निराळ्या होत्या. करदोडा, लंगोटी, पंचा, धोतर असा तो क्रम. मुंजींत बटूला भरजरी वस्त्र न देतां लंगोटी, मेखला व दंड देत. मोठेपणाचा आरंभ साधेपणानें व्हावा, ही त्यांतील कल्पना उदात्त खरी; परंतु तें दार थोड्यांनाच उघडें होतें. बाकीच्यांच्या वांट्याला लंगोटी आली ती संस्कार म्हणून नव्हे, तर दारिद्र्य म्हणून. पुढें पलटणीची खाकी आली, १९०७-०८ सालीं बेडन-पॉवेलनें सुरू केलेल्या बालवीर चळवळीची अर्धी विजार आली, आणि हळूहळू दोहोंचा संगम शाळेंत झाला. आमच्या लहानपणीं, म्हणजे १९८० नंतरच्या दशकांत, सातवीपर्यंत खाकी अर्धी विजार आणि आठवीपासून लांब, असा आमच्या शाळेचा दंडक होता. उघडे गुडघे हें बाळपणाचें चिन्ह होतें, आणि तें झांकण्याची घाई प्रत्येकाला होती.

त्या आठवीच्या वर्गांत एक मुलगा जूननंतरही अर्ध्या विजारींतच येत राहिला. त्याचे वडील हळदीच्या पेठेंत हमाली करीत. लांब विजारीला कापड अधिक लागतें, शिलाई अधिक पडते, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें. वर्गनायक या नात्यानें गणवेशावांचून आलेल्यांचीं नांवें लिहून देण्याचें काम आमच्याकडे होतें, आणि तें आम्हीं रोज चोख बजावलें. पहिला तास तो दाराबाहेर उभा राही. वर्गानें त्याला ‘बाळ्या’ हें नांव दिलें. तें प्रथम कोणीं ठेवलें हें आतां आठवत नाहीं. हंसणारांत आम्ही होतों, हें मात्र पक्कें आठवतें. सहामाही परीक्षेनंतर तो शाळेंत दिसला नाहीं. ह्या गोष्टीला चाळीस वर्षें होत आलीं. नियमाच्या दृष्टीनें आमचें कांहींच चुकलें नव्हतें, आणि म्हणूनच त्या चुकीला प्रायश्चित्त सांपडत नाहीं.

ह्या चुकीचें खरें स्वरूप आम्हांस उमगलें तें पुढें, शेजारच्याच सातारा जिल्ह्यांत घडलेला एक जुना प्रसंग वाचनांत आला तेव्हां. डॉ. आंबेडकरांचें नांव ७ नोव्हेंबर १९०० रोजीं सातारच्या सरकारी इंग्रजी शाळेंत दाखल झालें; आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. त्यानंतर लवकरच, सुमारें १९०१ सालीं, हा मुलगा घरांतील इतर मुलांसह गोरेगांवीं नोकरीवर असलेल्या वडिलांकडे जाण्यास निघाला. प्रवासाच्या आनंदांत मुलांस नवे कपडे शिवले होते: विलायती धर्तीचे सदरे, झगमगीत टोप्या, नवे बूट आणि रेशीमकांठी धोतरें. मसूर स्टेशनावर त्यांस नेण्यास कोणी आलें नाहीं. त्यांचा पोशाख पाहून स्टेशनमास्तरानें तीं ब्राह्मणाचीं मुलें समजून आस्थेनें विचारपूस केली. मुलानें आपली जात निष्कपटपणें सांगितली मात्र, मास्तरांचा चेहरा पालटला. पुढें गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली, ती मुलांनीं स्वतः हांकावी आणि गाडीवानानें बाजूनें चालावें ह्या अटीवर. त्या रात्रीं तहानेलेल्या मुलांस पाणीही मिळालें नाहीं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आठवणींत त्यांनीं हें सारें लिहून ठेवलें आहे.

आतां हे दोन प्रसंग शेजारीं ठेवून पाहा. मसूरला वस्त्रानें दया उत्पन्न केली, आणि सत्य कळतांच ती मावळली. आमच्या वर्गांत सत्य आधींच ठाऊक होतें, तरी वस्त्रानें उपहास उत्पन्न केला. वरवर हे प्रसंग एकमेकांच्या उलट दिसतात. परंतु दोहोंच्या मुळाशीं दोष एकच आहे. समोरच्या बालकाला माणूस म्हणून वागविण्यापूर्वीं आम्ही दाखला मागतों. मग तो दाखला धोतराच्या कांठाचा असो, जातीचा असो, वा विजारीच्या लांबीचा असो. आमच्या मतें आदर ही पुरावा पाहून द्यावयाची वस्तूच नव्हे. ती आधीं द्यावयाची असते.

मग गणवेश व्यर्थ काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. सर्वांस एकच कपडा दिला म्हणजे श्रीमंताच्या मुलाची ऐट कांहीं काळ झांकते, आणि गरिबाच्या मुलाला तेवढे तास उसंत मिळते. ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. परंतु झांकणें वेगळें आणि पुसणें वेगळें. जो नियम समतेसाठीं केला, तोच पैशाअभावीं एखाद्यास उंबऱ्याबाहेर उभा करीत असेल, तर तो नियम आपलें काम विसरला असें समजावें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें, तेव्हां निरनिराळ्या जातींच्या मुलांस त्यांनीं एका छपराखालीं ठेवलें आणि एका पंगतीस बसविलें. समतेचा पाया त्यांनीं पोशाखावर रचला नाहीं. तो ताटावर रचला. त्यांना प्रश्नाचें मर्म कळलें होतें.

आतां पहिलीपासून लांब विजार आली आहे. उघड्या गुडघ्यांची ती पायरी गेली, याचें आम्हांस थोडें वाईट वाटतें; कारण मोठें होण्याचा एक आनंदाचा दिवस मुलांच्या आयुष्यांतून कमी झाला. परंतु त्या पायरीवर अडून राहिलेला एक मुलगा आमच्या डोळ्यांपुढें आहे, आणि त्याच्यासाठीं ती गेली हें बरेंच झालें असें म्हणावें लागतें. मात्र पायरी गेल्यानें पारख गेली असें नव्हे. विजारी सारख्या झाल्या, आतां बूट, दप्तर आणि शाळेंत सोडावयास येणारें वाहन पाहून तीच पारख चाललेली आम्हांस दिसते.

दुकानांतून निघतांना दुकानदारानें विजारीची खालची दुमड उलगडून दाखविली. “आंत चार बोटें कापड ठेवलें आहे, सर, पोर वाढलें कीं सोडून घ्या.” पोर वाढणार, हें त्या शिंप्यानें मनांत धरलें होतें, त्यासाठीं त्यानें पोराकडे कसलाही पुरावा मागितला नव्हता. आठवीच्या वर्गांत आमच्यापाशीं एवढा जरी भरंवसा असता, तर वहींत एक नांव लिहावयाचें राहून गेलें असतें.