रानपिंगळा आणि माणसाचा शब्द

घुबडाविषयीं आपल्याकडे समज पुष्कळ. त्याचा घूत्कार अशुभ. त्याला दगड मारला तर तो दगड उचलून तें नदीवर घाशीत बसतें, व दगडाबरोबर मारणाराहि झिजत जातो, असें लहानपणीं आम्हांस सांगत. अशा समजुतींना आपण शिकलेले लोक हंसतों. परंतु घुबडाच्याच एका जातीविषयीं एका शिकलेल्या माणसानें केलेलें असत्य पाहिलें म्हणजे तें हंसूं ओठांवरच थांबतें.

ही जात म्हणजे रानपिंगळा. १८७२ सालीं ब्लेविट यांस तिचा पहिला नमुना आजच्या छत्तीसगडांत मिळाला, आणि पुढच्याच वर्षीं ह्यूम यांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें खानदेशांत जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानें आणखी नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र सर्वत्र शुकशुकाट. अपवाद एकच: कर्नल माइनर्टझागेन यांच्या संग्रहांतील एका नमुन्यावर ‘१९१४, तापीकांठचें मांडवी’ अशी चिठ्ठी होती.

पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनीं १९९० नंतरच्या दशकांत हा नमुना कसून तपासला, तेव्हां निराळेंच निघालें. तें कातडें डेव्हिडसनचें. ब्रिटिश संग्रहालयांतून चोरून, पुन्हां भरून, खोट्या चिठ्ठीनिशीं नवें केलेलें! ती चिठ्ठी बाजूस सारून रासमुसेन व त्यांचे दोन सोबती जुन्या खऱ्या नोंदींच्या मागानें निघाले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या रानांत, सकाळच्या उजेडांत रानपिंगळा त्यांच्या दृष्टीस पडला. दिवसा वावरणारा हा पक्षी ११३ वर्षें शास्त्राच्या नजरेआड राहिला होता.

कोणी म्हणेल, पक्षी अखेर सांपडला. मग बिघडलें काय? शिवाय आतां जनुकांची परीक्षा आहे. माणसाच्या शब्दावर विसंबण्याची गरजच काय? हा आक्षेप वरवरचा नव्हे. रानपिंगळ्याची स्वतंत्र प्रजाति मानावी, कीं तो आपल्या नेहमींच्या पिंगळ्याच्याच प्रजातींतला मानावा, हा वाद शतकाहून अधिक काळ चालला होता. २०१८ सालीं भारतीय संशोधकांनीं जनुकें ताडून पाहिलीं, तेव्हां तो पिंगळ्याच्याच कुळांत बसतो असें दिसून आलें. जनुक खोटें बोलत नाहीं, हें खरें.

परंतु त्याच चोरलेल्या कातड्याची जनुकें तपासलीं असतीं तर? ‘हा रानपिंगळाच’ असें त्यांनीं सांगितलें असतें, आणि तें सत्यच ठरलें असतें. तो कोणत्या रानांत, कोणत्या सालीं मिळाला, हें मात्र जनुक सांगत नाहीं. तें चिठ्ठी सांगते, आणि चिठ्ठी म्हणजे कोणा माणसाचा शब्द. उपकरणें कितीहि सूक्ष्म होवोत, ज्ञानाच्या सांखळींत ही एक कडी माणसाच्या सचोटीचीच राहणार. अडाणी माणूस दगडाची गोष्ट सांगतो ती स्वतः खरी मानून सांगतो. म्हणून त्याला समजावतां येतें. विद्वानाचें असत्य इतर सर्व प्रामाणिक अभ्यासकांची पत उसनी घेऊन बाजारांत येतें. आणि त्याची शिक्षा सत्यासहि भोगावी लागते: माइनर्टझागेन यांच्या हजारों नमुन्यांपैकीं खरे होते तेहि आज संशयितच.

दुसऱ्यास दोष देतांना आपली वही उघडून पाहावी. विद्यार्थिदशेंत लंबकाच्या प्रयोगाचें उत्तर पुस्तकांतल्याशीं जुळेना, म्हणून मीं दोन आंकडे मनानें लिहिले. उत्तर बरोबर आलें; सहीहि मिळाली. त्या वहीनें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं, असें मीं पुष्कळ वर्षें मानीत होतों. आतां माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवर मी सही करतों, तेव्हां फार जुळणारें उत्तर दिसलें कीं लेखणी अडखळते. आणि वाटतें, माझा हा संशय या मुलांनीं कमावलेला नाहीं. तो मीं त्या दिवशीं पेरला.

न जुळणारा आंकडा जसाच्या तसा लिहून ठेवणें, हा लहानसाच धर्म आहे. पण त्याच्याच आधारानें कोणी तरी उद्यां रान धुंडाळणार आहे.