विचारणाऱ्याचं देणं

यान कार्लसॉन यांचं पुस्तक 1985 साली स्वीडिशमध्ये आलं, तेव्हा त्याच्या नावाचा अर्थ होता ‘पिरॅमिड पाडा!’ दोन वर्षांनी ते इंग्रजीत आलं आणि नाव झालं ‘मोमेंट्स ऑफ ट्रूथ’. शीर्षक बदलणं हा अनुवादाच्या धंद्यातला रोजचा प्रकार आहे, त्यात दचकण्यासारखं काही नाही. तरी हा बदल मला बोलका वाटत आला आहे. एका आज्ञेची जागा एका क्षणानं घेतली. आतल्या पानांत पिरॅमिड आहेच, पण मुखपृष्ठावर पाडायची गोष्ट गेली आणि ग्राहकापुढे नीट उभं राहायची गोष्ट उरली.

कार्लसॉन 1981 मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे, म्हणजे ‘सास’चे प्रमुख झाले. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तीन देशांची ही कंपनी तेव्हा तोट्यात होती. त्यांचं गणित प्रसिद्ध आहे: वर्षाला 1 कोटी प्रवासी, प्रत्येकाचा सरासरी 5 कर्मचाऱ्यांशी संबंध, प्रत्येक वेळी सुमारे 15 सेकंद. म्हणजे वर्षाला 5 कोटी वेळा कंपनी प्रवाशाच्या मनात उभी राहते किंवा पडते. त्या 15 सेकंदांत वरिष्ठ जवळ नसतो. म्हणून निर्णय काउंटरवरच्या माणसानं तिथल्या तिथे घ्यावा. कंपनीची नवी दिशा सांगणारी एक लाल पुस्तिका 20,000 कर्मचाऱ्यांच्या हाती दिली गेली. कंपनी लवकरच नफ्यात आली, आणि जगभरच्या व्यवस्थापन-वर्गांना एक गोष्ट मिळाली.

या गोष्टीचं मला कौतुक आहे. तिकीट विसरलेल्या प्रवाशाला ‘नियमात बसत नाही’ न म्हणता मदत करता येणं, ही काम करणाऱ्याच्या स्वाभिमानाचीही बाब आहे. पण ही कंपनी कुणासाठी चालवायची? कामानिमित्त वारंवार फिरणाऱ्या व्यावसायिकासाठी, हे वरच ठरलं होतं. काउंटरवरच्या बाईंना ‘कसं’ ठरवायचा अधिकार मिळाला, ‘काय’ ठरवायचा नव्हे. आणि मधल्या फळीतले अधिकारी, ज्यांना ना वरून विचारलं गेलं ना खालून, ते चिडले. त्यांना आपण बाजूला टाकल्यासारखं झालं, हे कार्लसॉन यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

एखादी कंपनी सगळ्या कर्मचाऱ्यांना बोलावून ‘आपण कुठे जायचं, सांगा’ म्हणते तेव्हा ती नेमकं काय करते? मराठी वर्तमानपत्रांत अशा वेळी एक ठरलेला शब्दप्रयोग येतो: ‘कामगारांना विश्वासात घेऊन’. बहुतेकदा तो नकारार्थीच येतो, ‘विश्वासात न घेता’. विश्वास इथे एखाद्या खोलीसारखा आहे. खोली कंपनीची, दारही कंपनीचं. कामगार आत घेतला जातो.

आणि ‘ऐकणं’? ‘पोरगा माझं ऐकत नाही’ असं आई म्हणते, तेव्हा त्याच्या कानाबद्दल तिची तक्रार नसते. हिंदीतलं ‘सुनना’, बंगालीतलं ‘कथा शोना’ यांच्यातही ऐकण्यात मानणं मिसळलेलं आहे. कन्नडमध्ये ‘केळु’ आणि तमिळमध्ये ‘केळ्’ या क्रियापदांना तर विचारणं आणि ऐकणं असे दोन्ही अर्थ आहेत. विचारलं की ऐकण्याचं अर्धं काम झालंच, असा काहीसा भाव. आपल्या भाषांना हे दोन व्यवहार सुटे करणं जड जातं. व्यवस्थापनाची भाषा मात्र ते सहज सुटे करते: आम्ही विचारलं, ऐकून घेतलं, नोंद केली, आभार मानले.

काही वर्षांपूर्वी एका विमान कंपनीची अशीच प्रश्नावली मराठीत आणण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. कंपनीचा धोरणात्मक आढावा चालू होता; सामान चढवणारे, केबिन साफ करणारे, गाड्या ओढणारे अशा लोकांची मतं हवी होती. एक प्रश्न असा होता की तुमच्या विभागातलं कोणतं काम कमी करता येईल. मी तसंच लिहिलं. समन्वयक बाईंचा फोन आला. ‘कमी करता येईल’ जरा कडक वाटतंय, दुसरं काही बघता का? वाटणारच. मराठीत माणसाला ‘कामावरून कमी करतात’. ‘काम’ म्हणजे हातातली कृतीही आणि नोकरीही. रात्रपाळीत बॅगा उचलणारा माणूस तो प्रश्न वाचून थबकला असता, आणि त्याचं थबकणं बरोबरच ठरलं असतं. मी शब्द बदलायला नकार दिला. शेवटी छापलं गेलं ‘सोपं करता येईल’. तो त्यांचा अधिकार होता, पण त्या दुरुस्तीनं प्रश्नातला धोका गेला नाही, फक्त झाकला गेला.

त्याच कागदावर पहिल्या ओळीत आश्वासन होतं की तुमचं नाव गोपनीय राहील. खाली रकाने होते: विभाग, पाळी, नोकरीची वर्षं. चौघांच्या पाळीत सतरा वर्षं काढलेला माणूस एकच असतो. त्याचं नाव आणखी कशाला विचारायचं?

इथे मला खरा नैतिक पेच दिसतो. उत्तर देणारा नुसतं मत देत नाही, तो आपलं ज्ञान देतो. बॅग पट्ट्यावर उशिरा का येते, हे वरच्या मजल्यावर कुणाला ठाऊक नसतं, त्याला असतं. तिघांचं काम दोघांत कसं बसेल, हेही त्यालाच माहीत असतं, कारण तिसरा रजेवर असताना त्यानं ते बसवलेलं असतं. हे त्यानं सांगावं का? सांगितलं तर शेजारचा जाईल, कदाचित तोच जाईल. नाही सांगितलं तर ‘संधी दिली होती, कुणी बोललं नाही’ हे वाक्य तयारच आहे.

गंमत म्हणजे नीट कसं विचारायचं हे विमान-उद्योगाला चांगलं ठाऊक आहे. 1975 मध्ये अमेरिकेच्या हवाई नियामकानं, एफएएनं, वैमानिकांना आणि हवाई नियंत्रकांना आवाहन केलं की धोक्याच्या घटना स्वतःहून कळवा. पण शिक्षा करणारी संस्था तीच. तिच्यापाशी कोण मन मोकळं करणार? म्हणून 1976 पासून ही व्यवस्था नासाकडे दिली गेली. नासाच्या हाती परवाना रद्द करण्याचा अधिकार नाही. कळवणाऱ्याच्या नावाची पट्टी अहवालापासून वेगळी करून त्यालाच परत पाठवतात. हातून नकळत नियमभंग झाला असेल आणि 10 दिवसांच्या आत कळवलं असेल, तर मर्यादित संरक्षणही मिळतं. म्हणजे विचारणाऱ्यानं आधी स्वतःची थोडी सत्ता खाली ठेवली, मग विचारलं. सुरक्षेच्या बाबतीत हे जमतं. नोकऱ्यांच्या आढाव्यात अशी पट्टी फाडून परत पाठवलेली माझ्या पाहण्यात नाही.

यावर कुणी म्हणेल, मग मालकीच द्या. तेही करून झालं आहे. जुलै 1994 मध्ये अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सचे 55 टक्के समभाग कर्मचाऱ्यांसाठी राखले गेले. वैमानिक, यंत्रकामगार आणि पगारी कर्मचारी यांनी त्याबदल्यात पगारात आणि कामाच्या नियमांत जवळजवळ 5 अब्ज डॉलरची सवलत दिली. 12 जणांच्या संचालक मंडळात त्यांना 3 जागा मिळाल्या. कागदावर निम्म्याहून अधिक कंपनी त्यांची. पण 12 पैकी 3. ‘सहभाग’ या शब्दातला ‘सह’ मिळाला, ‘भाग’ही मिळाला, अन् तरी हॅंगरमध्ये सोमवारी सकाळी हुकूम सोडणारा माणूस तोच राहिला. 2000 च्या उन्हाळ्यात करार रखडला तेव्हा वैमानिकांनी जादा तास नाकारले आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. मालकच मालकाविरुद्ध उभा होता, असं चेष्टेनं म्हणता येईल. मला त्यात चेष्टा दिसत नाही. ज्याला ठरवता येत नाही, त्याच्याकडे नाकारणं तेवढं उरतं.

आपल्याकडे 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं कलम 43अ आलं: उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग मिळवून देण्यासाठी राज्यानं पावलं टाकावीत. आणीबाणीत आलेलं कलम. ज्या काळात विचारणं सर्वांत कमी होतं, त्याच काळात सहभाग घटनेत लिहिला गेला. मार्गदर्शक तत्त्वांत असल्यानं त्यासाठी कोर्टात जाता येत नाही.

कंपन्यांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. बुडत्या कंपनीपाशी वेळ नसतो. वर बसलेल्यालाही पुष्कळदा काही कळत नसतं, तो खरोखर विचारत असतो. शिवाय विचारलंच नाही तर काय, याचा नमुना त्याच ‘सास’नं दाखवला. नोव्हेंबर 2012 मध्ये वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांच्या संघटनांसमोर पगारकपात आणि निवृत्तिवेतनातले बदल ठेवले गेले: काही दिवसांत मान्य करा, नाहीतर कंपनी उभी राहणार नाही. मुदत संपता संपता सगळ्यांनी मान्य केलं. पिरॅमिड पाडा म्हणणाऱ्या प्रमुखाला जाऊन तेव्हा 20 वर्षंही झाली नव्हती. त्या आठवड्यात प्रश्नावली नव्हती. तरीही त्यात एक प्रामाणिकपणा होता असं मला वाटतं: मागणी मागणीच्या वेषात आली होती, विचारपूस करायला आली नव्हती.

युनायटेडचं पुढे काय झालं ते सर्वज्ञात आहे. 9 डिसेंबर 2002 ला कंपनीनं दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि कर्मचाऱ्यांच्या समभागांना काही किंमत राहिली नाही. 2005 मध्ये निवृत्तिवेतन योजना बंद करून सरकारी विमा महामंडळाच्या गळ्यात टाकल्या गेल्या. मला वारंवार आठवतात त्या तिथल्या हवाई सेविका आणि सेवक. 1994 मध्ये त्यांची संघटना सौद्यात उतरलीच नव्हती. त्यांनी समभाग घेतले नाहीत, त्यापोटी सवलत दिली नाही. दिवाळखोरीत कात्री लागली ती त्यांच्याही पगाराला, आणि बंद झालेल्या योजनांमध्ये त्यांचीही होती.