पत्र्यावरचे दगड

सावकाश वाचा, घाई नाही.

हिंगोली जिल्ह्यातला वसमत तालुका डोळ्यांपुढे आणा. हळदीचा मुलूख. तिथल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत गेली काही वर्षं अधूनमधून जमिनीखालून गडगड ऐकू येते. बातम्यांत ती ‘गूढ आवाज’ म्हणूनच छापून येते. एवढ्या भांडवलावर रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकरांनी आपल्या नायकाला, झुंजारला, पहिल्या गाडीनं वसमतला धाडलं असतं!

आता रात्र पौषातली धरा. पारा दहाच्या खाली. पत्र्याचं घर, गार फरशी, एका गोधडीत तिघं. श्वास आत घ्या. नाकाच्या शेंड्याला झोंबणारी थंडी जाणवू द्या.

आवाज येतो. कानाआधी तो पाठीला कळतो. मांडणीवरचे डबे थरथरतात.

इथे थांबा. तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघाला?

रहस्यकथेतला माणूस ‘काय होतं ते?’ म्हणून विचारतो. घरातली बाई ‘पोरं कुठंयत?’ म्हणते. सगळे अंगणात येतात, कुणी आजीला धरून आणतं. आई डोकी मोजते. एक कमी भरतं. मग आठवतं, या आठवड्यात शेतात रात्रीची लाईट आहे. आबा गव्हाला पाणी द्यायला गेलेत. फोन लागत नाही. थोरला मफलर गुंडाळतो, बॅटरी घेतो आणि बांधावरून निघतो.

त्याच्यासोबत चाला. चपलेत दहिवर शिरतंय. पायाखालची जमीन पुन्हा हलेल का, हे त्याला ठाऊक नाही. रोज ज्याच्याशी दोन शब्दांपलीकडे बोलणं होत नाही, त्या माणसाला तो अंधारात मोठ्यानं हाका मारतोय. पलीकडून ओ येईपर्यंत त्याच्याजवळच राहा.

आवाजाचा उलगडा तसा होतो. लहान भूकंपही उथळ असला, की त्याची कंपनं जमिनीतून हवेत शिरतात आणि कानाला गडगडाट ऐकू येतो. २१ मार्च २०२४ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, पाठोपाठ ३.६चा, १० जुलैला पुन्हा ४.५. आकडे मोठे नाहीत. पण ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांनी ऐकली-पाहिली, ते मराठवाड्यातले लोक कुठल्याच हादऱ्याला किरकोळ म्हणत नाहीत, आणि बरोबरच करतात.

त्या धक्क्यांनंतर प्रशासनानं लोकांना एक साधी गोष्ट सांगितली: छतावरच्या पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या.

यातला एकच दगड मनात धरा. उन्हाळी वावटळीत पत्रा उडू नये म्हणून आबांनीच तो शिडीवरून वर चढवला होता. काळा, ओबडधोबड, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा. खाली बरोबर धाकटीचं अंथरूण. ठेवताना त्यात काळजीच होती, आजही आहे. तरी तो तिच्या डोक्यावर आहे.

आपल्या घरात असं काय काय वर ठेवलेलं आहे? कुणाच्या भल्यासाठी घातलेली बंदी, कधीकाळी केलेली सक्ती, ‘तुला त्रास नको’ म्हणून न सांगितलेली एखादी गोष्ट. ठेवणाऱ्याला दोष न देता नुसतं बघा. खाली कोण झोपतं, तेही बघा.

दगड काढला, तर वाऱ्याचं काय करायचं, हा आबांचा प्रश्न खोटा नाही. तार लागेल, हूक लागतील, थोडा खर्च येईल. शिडी धरायला थोरला लागेल. आणि हा विषय आबांना न दुखावता त्यांच्याकडे काढायचा कुणी, कोणत्या शब्दांत, यावर आज थोडा वेळ बसा.